कपाळावरचा चुना

गुरुवारी ऊन कललं की शेवतीखेडच्या शाळेमागच्या मैदानात पाय ठेवायला जागा उरत नसे. चांदूर बाजारकडून ऑटो भरभरून यायचे, परतवाड्याकडच्या मोटरसायकली बोरीखाली ओळीनं लागायच्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी गावच्या मारोतीला नारळ फोडला नव्हता असे लोकही चपला हातात घेऊन मांडवात शिरायचे. कारण मांडवात पाण्यावर दिवा जळत होता.

तेल नाही, तूप नाही. मातीची पणती, तिच्यात कापसाचा मोठा बोळा, आणि वरून भक्तानं स्वतःच्या हातानं ओतलेलं पाणी. जलदीप महाराज जळता कापूर चिमट्यात धरून त्यावर टेकवायचे आणि भक्कन पिवळीजर्द ज्योत उठायची. पाण्यातून! बाया ‘अगं माय व!’ म्हणत हात जोडायच्या, माणसं मोबाइल उंच धरायची, आणि महाराज डोळे मिटून बोलायला लागायचे.

“भक्तजनहो, जल म्हणजे शांती, अग्नी म्हणजे शक्ती. दोघांचं वैर. पण जिथं भक्ती शंभर टक्के शुद्ध, तिथं वैर संपतं आणि परमात्म्याचं नेटवर्क लागतं! अमेरिकेतले शास्त्रज्ञसुद्धा यालाच क्वांटम म्हणतात.”

क्वांटम म्हणजे काय हे मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराजांनाही नव्हतं, पण ते डोळे मिटून म्हणत असल्यामुळे त्यांना ठाऊक असावं असं वाटायचं.

खरी गोम पुढं होती. दिवा सगळ्यांचाच लागत नसे. ज्याचा लागला त्याची भक्ती खरी. ज्याचा नाही लागला त्याच्या पोटात पाप. निकाल तिथल्या तिथं, सगळ्या गावासमोर. दिवा लागलेल्याला महाराज पणतीत उरलेला ओला पांढरा गाळ कपाळभर फासायचे. ती ‘जलविभूती’. दिवा न लागलेला मान खाली घालून मागं सरायचा. मांडवात यायचं तर कांदा-लसूण वर्ज्य होता, आणि तरीही दिवे पेटले की मांडवभर लसणासारखा उग्र वास सुटायचा. महाराज नाक आक्रसून म्हणायचे, “कुणीतरी पापी लसूण खाऊन आलाय.” की झालं, सगळा मांडव एकमेकांकडे संशयानं बघायला लागायचा.

रुख्मिणी कडेच्या खांबाला टेकून हे बघायची. सहदेवराव गावंड्यांची बायको. संत्र्याची बाग, दोन म्हशी आणि गावातल्या बायांचं भजनी मंडळ हा तिचा पसारा. देव तिला रोजचा होता, घरातल्या माणसासारखा. पहाटे मारोतीचा पार झाडताना ती त्याच्याशी बोलायची, आणि ते बोलणं काही सोवळ्यातलं नसायचं. “म्हैस आटली काल. तुहं ध्यान कोठी होतं?” असं ती सरळ विचारायची. सून बाळंतपणात अडली तेव्हा तिनं त्याला चक्क धमकी दिली होती.

तिच्या बाजूला माणिकबाई. रुख्मिणीचा आवाज आणि माणिकबाईची खंजिरी ही जोडी आसपासच्या गावांत ठाऊक होती. अलीकडे माणिकबाई साखरेच्या आजारानं वाळली होती. रोज पोटावर इन्सुलिन टोचून घ्यायची, पण खंजिरी हातात आली की पोरीसारखी डोलायची. तिचा मुलगा किशोर महाराजांचा पहिला सेवक. पडद्याआडून पणत्या आणून द्यायचं काम त्याचं.

त्या गुरुवारी माणिकबाईची पाळी आली. तिनं पाणी ओतलं. महाराजांनी कापूर टेकवला. कापूर चुरचुरला आणि विझला.

“माई,” महाराज हळू आवाजात म्हणाले, पण माइक तोंडाशीच होता, “रोज अंगात काय टोचून घेता?”

माणिकबाई थक्क झाली. हे महाराजांना कसं कळलं? किशोरनंच सांगितलं असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

“सुईचं विष रक्तात आहे, तोवर परमात्मा आत येणार कुठून? दार तर तुम्हीच लावून घेतलंय. सुई सोडा, शरण या.”

 तेवढ्यात कडेच्या खांबापासून आवाज आला.

“महाराज, डॉक्टरले इचारलं काय तुमी? ते औषध असं बंद करता येत नाही म्हनते.”

सगळ्या माना रुख्मिणीकडे वळल्या. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “शंका हा मनाचा कॅन्सर आहे, माई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या गुरुवारी माणिकबाईचा दिवा लागला. मोठ्ठा, फडफडणारा. तिनं सुई सोडली होती. महाराजांनी तिच्या कपाळावर विभूतीचा लेप दिला, आणि ती ढसाढसा रडली. आयुष्यभर तिनं देवाचं गाणं वाजवलं. देवानं आज पहिल्यांदा उत्तर दिलं, असं तिला वाटलं. तिचा तो चेहरा बघून रुख्मिणीच्या मनातली शंकाही पातळ झाली. ती पुढं झाली. पाणी ओतलं.

कापूर विझला.

“बघा,” महाराज म्हणाले, “ओठांत देव, पोटात अहंकार. गळा गोड असून उपयोग नाही, माई. तीस वर्षं तुम्ही देवाला नाही, स्वतःलाच ऐकवत होता.”

लाथ मारली असती तर ती तिनं परत मारली असती. हे शब्द मात्र आत जाऊन बसले. भजनी मंडळाच्या बाया दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, “काही दिवस तू मागं बस व. लोक बोलून राहिले.” विहिरीवर माणिकबाई भेटली, तिनं नजर फिरवली. दिवा न लागलेलीशी बोललं तर लागलेला दिवाही उलटतो, असा महाराजांचा दंडक होता.

पहाटे रुख्मिणीनं पार झाडला, पण ती बोलली नाही. काय बोलणार? कदाचित तो माणूस खरंच सांगत असेल. तिनं मन उकरायला घेतलं. जावेचा हेवा केला होता. दुसरीला पुढं गाऊ दिलं नव्हतं. माणूस खोट शोधायला बसला की स्वतःत सापडतेच. असल्या महाराजांचं सगळं दुकान त्यावरच चालतं. तिनं गाणं सोडलं.

सहदेवराव दोन-तीन दिवस तंबाखूला चुना मळत गप्प बघत राहिले. मग म्हणाले, “अवं, इतकी वर्सं तुह्या भक्तीपायी मले रोज कोंबड्याच्या आंधी उठा लागते. मी काई बोललो? अन् हा काल आलेला मानूस सांगते, तुही भक्ती खोटी? मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, खरी आहे म्हनून. मीनं सोसली आहे.”

रुख्मिणीला हसू आलं नाही.

आठवडा गेला असेल. दुपारी शेजारची पोर सांगत आली की माणिकबाई सकाळपासून उठली नाही, सारखं पाणी मागते आणि ओकते. रुख्मिणी तशीच निघाली. दारात किशोर आडवा आला.

“काकू, तुमी आत नोका येऊ. आईची शुद्धी चालू आहे. महाराज म्हने, विष बाहेर पडून राहिलं.”

“बाजूले सर.”

“काकू, तुमचा दिवा…”

“किशोर, तुले मी कडेवर घेतलं आहे. सर म्हनतो तं सर.”

माणिकबाई खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, श्वास धावून आल्यासारखा चाललेला, आणि श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. कपाळावर काल मांडवात पुन्हा फासलेल्या विभूतीचा पांढरा थर, आणि थराखालची कातडी लालबुंद सोललेली. रुख्मिणीला दुसरं काही सुचेना. जखमेला हळद, हे हात आपोआप करतात. तिनं चुलीजवळच्या डब्यातून हळद घेतली, पाण्यात कालवली आणि माणिकबाईच्या कपाळाला बोट लावलं.

पिवळी हळद बघता बघता लाल झाली. रक्तासारखी लाल.

किशोरनं जमिनीवर डोकं टेकलं. “कुंकू झालं! काकू, हळदीचं कुंकू झालं! देवी आली आईच्या अंगात!”

रुख्मिणी आपल्या लाल बोटाकडे बघत राहिली. क्षणभर तिच्याही अंगावर काटा आला. पण हा रंग तिनं कुठंतरी पाहिला होता. परवाच पाहिला होता! बागेत सहदेवरावांचा पाय मुरगळला, तेव्हा तिनं हळद-चुन्याचा लेप लावला होता, तोही असाच लाल झाला होता. वऱ्हाडात कोणत्या घरात होत नाही?

“ऊठ,” ती म्हणाली. “देवी-बिवी काई नाही. तुह्या आईच्या कपाळाले चुना लावला आहे. अन् आपल्याले बी.”

किशोर वर बघत राहिला. कपाळाची ती सोललेली कातडी त्यानं जणू आत्ताच पाहिली.

“तुह्या डोयात पानी नंतर येऊ दे,” रुख्मिणी ओरडली. “आंधी काकाले बोलाव. गाडी काढाले सांग!”

सहदेवरावांनी संत्र्याची खोकी खाली फेकून छोटा हत्ती टेम्पो दारात आणला. मागं गादी टाकली, माणिकबाईला ठेवलं आणि चांदूर बाजारात डॉक्टर वर्षालींच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं, आणि स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून तिला अमरावतीला घेऊन गेल्या. माणिकबाईला आत अतिदक्षता विभागात घेतल्यावरच त्या बाहेर व्हरांड्यात आल्या, आणि आल्या त्या तापलेल्याच.

“आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई हाताला लागली नसती. इन्सुलिन बंद करायला कोणी सांगितलं? देवानं?”

किशोर भिंतीला टेकून रडत होता. रुख्मिणीनं सगळं सांगितलं. पाण्याचा दिवा, कापूर, पांढरी विभूती, लाल झालेली हळद. डॉक्टर ऐकता ऐकता थांबल्या.

“दिवा पेटला की वास येतो का? लसणासारखा?”

“येते. अन् लसूण तं बंद आहे सगळ्याईले.”

डॉक्टर हसल्या, पण ते हसणं आनंदाचं नव्हतं. “कार्बाइड आहे ते. वेल्डिंगवाल्यांकडे मिळतं, राखाडी दगडासारखं. काही लोक चोरून फळं पिकवायलाही वापरतात. त्याच्यावर पाणी पडलं की गॅस निघतो. गॅस पेटतो, पाणी नाही. आणि मागं जो गाळ उरतो, तो चुना. बोळ्याखाली खडा असेल तर दिवा लागणार, नसेल तर नाही लागणार. भक्तीचा काय संबंध?”

 रुख्मिणीच्या डोळ्यांसमोरून ते सगळे दिवस गेले. पारावर मुक्यानं मारलेला झाडू, मागं बसून ऐकलेलं भजन, जावेच्या हेव्याचा काढलेला हिशेब. एका खड्यासाठी.

“म्हणूनच मी देवबीव मानत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळ्याचं मूळ तिथंच आहे. तुम्हीही सोडा आता.”

रुख्मिणीनं मान वर केली. मांडवात तिचा कापूर विझल्यापासून पहिल्यांदा ती देवाबद्दल ठामपणे बोलली.

“डॉक्टरीणबाई, तुमी मानू नोका. मी काई तुमाले बळंच मानाले लावत नाही. पन मले सोडाले सांगू नोका. त्यानं सांगतलं, तुही भक्ती खोटी. तुमी सांगता, तुहा देव खोटा. माह्या मनात काय आहे हे मले सोडून सगळ्याईले ठाऊक आहे काय?”

 डॉक्टर जरा ओशाळून म्हणाल्या, “चुकलं माझं. मी म्हणजे तो महाराज नाही.”

“नाही ना. तुमी खडा दाखवला, त्यानं लपवला. तोच फरक आहे.”

किशोर एकदम उठला. “मी जातो काकू. आत्ता जाऊन त्याचं डोस्कं फोडतो.”

“बस खाली,” रुख्मिणी म्हणाली. “काठीनं तो मेला, तं त्याच्या नावाचं देऊळ बांधतीन हे लोक. त्याले जित्ता उघडा पाडाचा आहे. तू गुरुवारी मुकाट्यानं पनत्या धर. माह्यासाठी नाही, आईसाठी.”

डॉक्टर म्हणाल्या, “मी येते, मांडवात समजावून सांगते.”

“तुमी या. पन सांगनार मी. तुमी सांगतलं तं म्हनतीन, देव न माननारी शहरातली बाई आली. मले कोनी तसं म्हनू शकत नाही.”

गुरुवारी मांडव नेहमीपेक्षा जास्त भरला होता. माणिकबाई दवाखान्यात गेल्याचं गावभर झालं होतं, आणि महाराजांनी त्याचंही सोनं करून घेतलं.

“माईचा विश्वास शेवटच्या पायरीवर डळमळला! विष बाहेर पडत होतं, आणि घरच्यांनीच तिला पुन्हा सुईच्या हवाली केलं. आता परमात्मा काय करणार?”

लोक हळहळले. सरपंच बुधाजी पहिल्या रांगेत बसले होते. आज त्यांचा दिवा लागायचा होता. किशोर पडद्याआडून पणती घेऊन आला, आणि तेवढ्यात रांगेच्या कडेनं रुख्मिणी उभी राहिली. मागं सहदेवराव, डोक्यावर संत्र्याचं रिकामं खोकं. त्यांच्या मागं डॉक्टर वर्षाली.

“किशोर, थांब,” रुख्मिणी म्हणाली. “बुधाजी भाऊ, तुमची पनती जराशी या बाईले देऊ?”

बुधाजींनी महाराजांकडे पाहिलं. किशोरनं पणती सरळ डॉक्टरांच्या हातात दिली.

“या चांदूर बाजारच्या डॉक्टरीणबाई,” रुख्मिणीनं मांडवाकडे तोंड करून सांगितलं. “बाई, देव मानता काय?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “लहानपणापासून नाही.”

मांडवात कुजबुज उठली. डॉक्टरांनी पणतीत पाणी ओतलं. महाराज हलले नाहीत. रुख्मिणीनं त्यांच्यासमोरच्या ताटातला जळता कापूर चिमट्यानं उचलला आणि टेकवला.

भक्क! पिवळी ज्योत भडकून उठली.

कुजबुज थांबली. महाराज घाईनं म्हणाले, “गुप्त भक्ती! या माईंच्या अंतःकरणात गुप्त भक्ती आहे, त्यांनाही ठाऊक नाही!”

“असन बाप्पा,” रुख्मिणी म्हणाली. “तुमाले मानसाच्या आतलं दिसते. मंग हे पाहा.”

सहदेवरावांनी खोकं पालथं घातलं. किशोरनं पडद्याआडून तशीच दुसरी पणती आणून त्यावर ठेवली. रुख्मिणीनं पाणी ओतलं, कापूर लावला. खोक्यावरचा दिवा डॉक्टरांच्या दिव्यापेक्षा मोठा पेटला, वर काजळी सोडत फडफडला, आणि लसणाचा वास मांडवभर पसरला.

सहदेवराव हात जोडून खोक्यासमोर वाकले. “धन्य आहे! इतकी वर्सं संत्री वाहिली याच्यातून, पन हे खोकं असं भक्त असन हे मले ठाऊक नव्हतं.”

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. महाराज ताडकन उठले. “ही विटंबना आहे! भक्तहो, या पाखंड्यांना बाहेर काढा!”

दोघंतिघं सेवक पुढं सरसावले. पण रुख्मिणीनं पदराखालून आपल्या देवघरातली पणती काढली आणि महाराजांसमोर धरली.

“काढा बाहेर, पन आंधी एक करा. ही माह्या घरची पनती. हा माह्या घरचा कापूस. पानी तुमचंच घ्या, सगळ्या तीर्थांचं आहे म्हनता ना? तुमची भक्ती तं पक्की आहे. पेटवा.”

सेवकही थांबले. सगळा मांडव महाराजांच्या हाताकडे बघू लागला.

“माझी ध्यानाची वेळ झाली आहे,” महाराज म्हणाले.

“आमच्या वेळी झाली नाही ते?”

“मी शाप देईन! तुझी वाचा जाईल!”

“दे,” रुख्मिणी म्हणाली. तिनं पणती तशीच पुढं धरून ठेवली. “दे ना शाप. मी इथीच उभी आहे. माहा गळा तुनं एकदा बंद केला होता, शाप न देता. मी घरी बसून सोताले इचारत होती, मीनं कोनतं पाप केलं? माह्या पोटात पाप नव्हतं रे. माह्या पनतीत खडा नव्हता!”

तिनं किशोरला खूण केली. किशोर पडद्याआडून दोन्ही ताटं उचलून घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ठेवली. मग तो मांडवाकडे वळून बोलला.

“उजव्या ताटातल्या पनत्या हे सोता भरत. मले म्हनत, त्याईले हात लावू नोको, सिद्ध केल्या आहेत. उजव्या हातानं खूण केली की या ताटातली द्याची, डाव्या हातानं केली की त्या ताटातली. मी देत गेलो. माह्या मायले बी मीनंच देली.”

त्यानं उजव्या ताटातल्या एका पणतीचा बोळा उपसला. खाली राखाडी खडा होता. डाव्या ताटातल्या पणतीत नुसता कापूस. डॉक्टरांनी खडा चिमट्यात उचलून सगळ्यांना दाखवला, आणि व्हरांड्यात सांगितलं होतं तेच चार साध्या वाक्यांत सांगितलं. मग रुख्मिणीनं घरून कालवून आणलेली हळद घेतली आणि पहिल्या रांगेत विभूती फासून बसलेल्या एकेकाच्या कपाळाला बोट टेकवत निघाली. ओळीनं लाल, लाल, लाल.

बायांना कुणी सांगावं लागलं नाही. “अव माय,” एक म्हातारी कपाळ पुसत ओरडली, “हा तं मुरगळ्याचा लेप आहे!”

“चुना लावला बाप्पा सगळ्या गावाले!” सहदेवराव म्हणाले, आणि एवढा हशा उठला की मांडवाचं कापड हललं. बुधाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले; मघाशी आपलाच दिवा लागायचा होता हे लोकांनी विसरावं म्हणून.

महाराज मागच्या बाजूनं गाडीकडे निघाले होते, पण किशोर आणि चार पोरं गाडीसमोर नुसती बसली. कुणी हात उगारला नाही. डॉक्टरांनी बोलावलेले पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, आणि ती किशोरनं स्वतःच्या नावानं दिली. पुढं चौकशीत निघालं की हा गृहस्थ अकोल्याच्या बाजूला केळी पिकवायची वखार चालवायचा. तिथं त्याला कार्बाइड सापडलं. आधी केळी पिकवली, मग माणसं.

सगळं गाव एका दिवसात शहाणं झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही लोक अजून म्हणतात, महाराज खरे होते, पणत्या किशोरनं बदलल्या. एक-दोघांनी रुख्मिणीशी बोलणं सोडलं. तिनंही त्यांची मनधरणी केली नाही. पहाटे पार झाडताना मात्र ती मारोतीवर मनसोक्त खेकसली. “मी गप्प बसली, तं तुबी गप्प बसला? एवढंच ओळखलं मले?”

माणिकबाई घरी आली तेव्हा ओळखू येत नव्हती, इतकी उतरली होती. कपाळावर काळसर डाग राहिला होता. रुख्मिणी तिच्या पोटावर इन्सुलिन टोचायला डॉक्टरांकडून शिकून आली होती. सुई काढल्यावर माणिकबाईनं कपाळावरच्या डागाला हात लावला.

“रुख्मे, माहा दिवा लागला होता ना व. मले असं वाटलं होतं, त्यानं आयकलं. ते सगळं खोटंच काय?”

 रुख्मिणीनं मैत्रिणीचा हात हातात घेतला.

“दिवा खोटा होता, माणके. तू खोटी नव्हती. तू रडली ते खरंच होतं.”

“मंग त्यानं आयकलं की नाही, कसं कळाचं?”

“मले नाही ठाऊक. मले कधीच ठाऊक नव्हतं. मी आपली बोलतो त्याच्यासंग. पन आयकलं म्हनून पावती देनारा कोनी आला, की समजाचं, हा दुकानदार आहे. अन् सुई सोडा म्हनला, तं हा मारेकरी आहे.”

त्या संध्याकाळी भजनी मंडळ माणिकबाईच्या अंगणात भरलं. ज्यांनी रुख्मिणीला मागं बसवलं होतं त्याच बाया सतरंजी पुढं सरकवत होत्या, आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. डॉक्टर वर्षाली माणिकबाईला तपासायला आल्या होत्या, त्याही कडेला बसल्या, चहाचा कप हातात घेऊन. त्यांनी हात जोडले नाहीत आणि कुणी जोडायलाही सांगितलं नाही.

गाणं सुरू करण्याआधी मंडळातली एक तरुण सून चाचरत बोलली. “काकू, तुमाले भेव नाही वाटलं? समजा तो खरा असता तं? देवाची परीक्षा घेतली म्हनून देव कोपला असता तं?”

रुख्मिणीनं पदर खोचला.

“लय भेव वाटलं. पाय कापत होते माहे. पन मीनं देवाची परीक्षा नाही घेतली, मानसाची घेतली. तुमालेबी सांगतो, पोरीहो. देव माना, नाहीतर नोका मानू, ते तुमचं तुमी पाहा. पन कोनी चमत्कार दाखवला, तं बोळा उचलून पाहा. औषध सोडा म्हनला, तं डॉक्टरले इचारा. अन् इचाराले भेऊ नोका. इचारल्यानं देव रागावत नाही. जो रागावते तो मानूस असते, अन् त्याच्या पनतीत खडा असते.”